चार बोल्ट आणि मामांची अँबेसिडर

चहा घ्या, सांगतो. पण आधी एक कबूल करा, आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. चार बोल्ट बसवताना माझी जी शोभा झाली, ती आठवली की ही तोंडाला पदर लावून आत पळते, आणि मग मला जेवणाची वाट बघत बसावं लागतं.

तुम्हाला माहीत आहेच, मी फौजेत सतरा वर्षं वर्कशॉपला होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि उंब्रजला येऊन राहिलो. गावात कुणाचा ट्रॅक्टर नुसता खोकला तरी मी बोलावण्याची वाट बघत नाही, पाना घेऊन हजर! खोड आहे, काय करता?

तर आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, एक जुनी अँबेसिडर आहे. मामा राहतात आमच्याकडंच. लग्न झाल्यावर मामींना म्हसवडहून त्यांनी ह्याच गाडीतून आणलं. दर वर्षी तिथल्या सिद्धनाथाच्या यात्रेला दोघं हिच्यातूनच जायची. मामी गेल्या आणि गाडी शेडात बसली ती बसलीच. गेल्या वर्षी मामा मला म्हणाले, "हवालदार, यंदाच्या यात्रेला एकदा तिच्यातनं न्या मला. मग फुडं भंगारात गेली तरी चालंल."

असं ऐकल्यावर नाही कोण म्हणेल? मी शब्द देऊन बसलो.

पावसाळा सरता सरता चेन-ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावून इंजिन बाहेर काढलं आणि शेडात टायरवर ठेवून दिलं. ते खोलायचं तर स्टँडवर चढवायला हवं, म्हणजे हवं तसं फिरवता येतं. स्टँड कराडच्या वेल्डिंगवाल्यानं दिला तोवर दिवाळी उलटली. त्याला चार हात. एकेका हातातून एकेक बोल्ट इंजिनाच्या पाठीतल्या भोकात गेला की काम फत्ते. इंजिनाचे जुने बोल्ट होते, पण मधे स्टँडच्या हाताची जाडी आली आणि ते आखूड पडले. म्हणजे फक्त लांब बोल्ट आणायचे. एवढंच!

गेलो कराडला. नटबोल्टच्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठना ऐटीत सांगितलं, जाडी तीन सूत, लांबी अडीच इंच, चार द्या. त्यांनी विचारलं, जुना बोल्ट नमुन्याला आणलाय का? नव्हता आणला. ते म्हणाले, तीन सूत आणि दहा मिलीमीटर डोळ्याला सारखेच दिसतात. त्यातही जाड आटे निराळे, बारीक आटे निराळे. "आणि हे बघा, बोल्ट लावायच्या आधी भोकात जरा..."

"शेठ, सतरा वर्षं हेच केलंय," म्हणालो आणि निघालो. त्यांचं वाक्य तसंच राहिलं.

घरी येऊन इंजिन साखळीला टांगलं, स्टँड पुढं घेतला, बोल्ट लावला. अडीच फेरे गेला आणि थांबला. दुसरा लावला, तोही थांबला. चारही तसेच! मामा शेजारी खुर्ची टाकून बसलेले. मी म्हणालो, आटे वेगळे दिसतायत, दुसरे आणतो.

पुन्हा कराड. बारीक आट्याचे आणले, ते तर अर्धाच फेरा गेले. तिसऱ्या खेपेला दहा मिलीचे आणले, ते आत शिरायलाच तयार नाहीत. तोवर शेठ मला पायरीवर बघितलं की स्टूल पुढं सरकवायला लागले होते. ते काहीतरी सांगायला बघत होते, पण मी ऐकून घेईन तर शपथ.

शेवटी माझं टाळकं सरकलं. पहिलाच बोल्ट पुन्हा लावला, पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला आणि ताकद लावली. आतून कर्रर्र आवाज आला. बोल्ट उलटा फिरवून काढला तर टोकाला काळा चुरा!

चुरा म्हणजे बिडाचा, ओतीव लोखंडाचा, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकचे आटे गेले. म्हणजे मामांची गाडी, मामींची आठवण, म्हसवडची यात्रा, सगळं मी एका पाइपानं मोडून टाकलं होतं. इंजिन गपचूप खाली टायरवर ठेवलं. मामा म्हणाले, "का वं, न्हाई जमत?" मी म्हणालो, जमतंय की, सांगलीला जाऊन एक सामान आणतो. तर म्हणतात कसे, "सावकाश जावा. यात्रंला आजून येळ हाय."

खरं सांगतो, ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

चुरा कागदाच्या पुडीत बांधला आणि सांगली गाठली. तिथं आमच्या पलटणीतला जुना दोस्त, अण्णा, लेथ चालवतो. पुडी त्याच्यापुढं ठेवली आणि रडकुंडीला येऊन म्हणालो, अण्णा, ब्लॉक गेला रं, आता बोल्टाच्या भोकात बुशिंग मारून नवे आटे पाडून दे.

अण्णानं चुरा बघितला. मग चुंबक आणून त्यावर धरला. एक कण हलला नाही. चिमटीत घेऊन चोळला, नाकाशी नेला, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"गड्या, ह्यो झेंडू हाय."

"झेंडू?"

"वाळल्याला झेंडू. तेलात मुरलाय. तुझ्या भोकात फुलं हायत."

उंब्रजला कसा आलो ते मला आठवत नाही. तार वाकवून आकडा केला आणि चारही भोकांतून काळी ठेचलेली फुलं उकरून काढली. मग तेच कराडचे तीन सुती बोल्ट, पहिल्या खेपेचे! दोन बोटांनी फिरवले तर लोण्यात गेल्यासारखे शेवटपर्यंत गेले. आटे शाबूत होते. मी तिथंच फरशीवर बसलो आणि हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, लाजत नाही सांगायला. मामांनी पाठीवर थाप मारली. त्यांना वाटलं, चार बोल्ट बसल्यावर फौजी लोक असंच करत असतील.

पुढं इंजिन झालं, गाडी झाली. मामा पुढच्या सीटवर बसून वेळेत म्हसवडला गेले आणि भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण त्या दिवशी छातीवरचं ओझं उतरल्या उतरल्या मला चढला राग. खंडेनवमीला शेडात हत्यारांची पूजा मांडली होती, तेव्हाच कुणीतरी इंजिनात फुलं कोंबली असणार. इंजिन काय फुलदाणी आहे? मी घरातल्या सगळ्यांना शेडात फॉल-इन केलं आणि दरडावून विचारलं, हे काम कुणाचं?

आमची ही शांतपणे मोबाइल काढून घरच्या ग्रुपवर मागं मागं जात राहिली. मग तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

खंडेनवमीचा फोटो. मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, इंजिनाच्या शेवटच्या भोकात अंगठ्यानं झेंडू दाबतोय. आणि खाली मीच लिहिलेलं, "एकही फूल पडणार नाही. फौजी काम आहे."