गेटाबाहेरची बिडी

गंगूबाई तिसऱ्यांदा दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. अफू घेतली की त्या अशा बारीक होतात, तोंडानं विचारायची गरज पडत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. जालन्यातल्या एका लहान दवाखान्यात मी नर्स होते. जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात तिथं, राबणाऱ्या बाया आमच्याकडं यायच्या. पाठदुखीला म्हणून घेतलेली अफूची गोळी मग सुटायची नाही. आम्ही उतरता डोस द्यायचो. रोज थोडी कमी, शेवटी बंद. बिडी मात्र चालू राहू द्यायची, एका वेळी एकच व्यसन सोडवा, असं डॉक्टरसाहेबांचं म्हणणं. मलाही बिलकुल पटलेलं. एखादीचं अंग मोडून यायला लागलं की मीच बिडी पेटवून तिच्या हातात द्यायचे. आता सांगायला लाज वाटते.

गंगूबाईची चार वर्षांची पोर बदनापूरला बहिणीकडं होती. गंगूबाईनं कामाला जाताना तिलाही गोळी चाटवली होती, पोर दिवसभर उठली नव्हती. हंगाम संपेस्तोवर अफूला शिवली नाहीस तरच पोर देईन, असं बहिणीनं ठणकावलं होतं. तिचं तरी काय चुकलं?

मी गंगूबाईला बरंच बोलले. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाई, घरी न्हाई खात मी. लिंबाखाली गेलं की व्हतं."

फॅक्टरीत बिडीला मनाई, कापूस पेटेल म्हणून. बिडी ओढणाऱ्या बायांना जमादार दिवसातून दोनदा गेटाबाहेरच्या लिंबाखाली सोडायचा. बिडी झाली की अफूच्या डब्या उघडायच्या, एकमेकींना गोळी द्यायची रीत होती. नको म्हणणारी शिष्ट ठरायची.

"मग बिडीच सोड ना," मी म्हणाले.

ती हसली. "मंग बसू कवा?"

जी बिडी ओढत नाही तिला सुट्टीच नाही! सकाळपासून नाकातोंडात कापसाची धूळ, आणि बाहेर यायचं निमित्त एकच. धावड्याहून आलेली एक नवी सून तर नुसतं बसायला मिळावं म्हणून बिडी शिकली होती.

बिडी न ओढणाऱ्या बायांनाही सुट्टीला सोडा, असं सांगायला मी जमादाराला भेटले. बिडी पीत नाहीत तर बाहेर काय काम, म्हणून त्यानं मला वाटेला लावलं.

गंगूबाईनं माझी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी बिडीबंडल माझ्या टेबलावर ठेवून ती कामाला गेली. सुट्टीला बायांबरोबर बाहेर आली, पण लिंब टाळून समोरच्या आडाच्या कट्ट्यावर बसली. हात रिकामे. मी रस्त्यापलीकडून बघत होते. जमादार अंगावर आला. ती उठली नाही.

"त्या बसल्या तेवढाच येळ बसते, साहेब. त्यायचा धूर निघतो, माझा दम निघून राह्यलाय."

उद्यापासून येऊ नको, तो म्हणाला. ती आली. तिसऱ्या दिवशी धावड्याची सून शेजारी बसली. आठवड्यात कट्टा भरला. ऐन हंगामात इतक्या बाया काढणार कशा? जमादार दुसरीकडं बघायला शिकला.

कट्ट्यावरच्या बायांनी अफू सोडली, तसा हातापायाला कंप यायचा, चिडचिड व्हायची. त्यावर इलाजही त्यांनीच काढला. डब्यांत अफूच्या जागी भाजलेले चिंचोके आले. द्यायची रीत तशीच, चघळायला सुट्टीभर पुरायचे. आमच्या कपाटातल्या एकाही बाटलीला ते जमलं नव्हतं. खरं सांगते, त्या बायांच्या पाया पडावं असं वाटायचं मला.

हंगामाच्या शेवटी बहीण पोरीला घेऊन आली. कुणाला काही न विचारता दिवसभर गेटासमोर बसून राहिली. संध्याकाळी पोरीचं गाठोडं तिनं गंगूबाईच्या हातात दिलं. पोर आधी जवळ जाईना. गंगूबाईनं ओढलं नाही, तिथंच मातीत बसली आणि थांबली.

पुढं नोकरी संपेस्तोवर व्यसन सोडायला आलेल्या प्रत्येक बाईला मी आधी विचारायचे, दिवसात बसतेस कधी?