गाडीच्या मागून येणारा आवाज

आमच्या गाडीला मागून आवाज यायला लागला तेव्हा माझा पहिला संशय सासुरवाडीवर गेला. सिल्लोडहून निघताना बायकोच्या माहेरची माणसं डिकीत काय कोंबतील याचा नेम नसतो. मक्याची कणसं, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर चक्क पितळी घंगाळ. काटा साठच्या पुढं गेला की मागून हूंऽऽ असा सूर निघायचा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तो आणखी चढायचा. मी म्हटलं, बरण्याच एकमेकींना घासत असतील. घरी येऊन डिकी पार रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट झाला. सामानानं तो दाबून धरला होता, एवढंच.

गाडी साधी नाही. डोंगर चढणारी, नदीनाले ओलांडणारी, आतून कातडी सीटांची परदेशी गाडी आहे. एका बिल्डरनं हौस फिटेपर्यंत मिरवली आणि मग मी घेतली. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे दोन शेजाऱ्यांना स्कूटर हलवायला लावावी लागते. घर केवढं आणि गाडी केवढी, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे. मी ती माझ्यासाठी घेतलीच नव्हती.

ती घेतली मुलीसाठी. एकुलती एक. कॉलेजात असताना सिल्लोडच्या रस्त्यावर ती हीच गाडी चालवायला शिकली. फुलंब्री मागं पडली की स्टिअरिंग तिच्या हातात द्यायचो आणि मी शेजारी बसून, माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहायचो. मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि जर्मनीला गेली. तिथं गिअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "नीट सांभाळा हं पप्पा. आले की मीच चालवणार."

तिनं सहज म्हटलं असेल, पण मी ते शब्द जपून ठेवले. तिकडं गेलेली पोरं परत येत नसतात, असं कुणी म्हणालं की मी दारातल्या गाडीकडं बोट दाखवायचो. माझा हिशेब सरळ होता. गाडी दारात आहे तोवर पोरगी येणार.

म्हणून तो आवाज माझ्या जिवाला लागला. पडेगावच्या मिस्त्रीकडं गाडी नेली. आमचा मिस्त्री माणूस चांगला, फक्त त्याला शंका नावाचा प्रकार माहीत नाही. गाडी फाटकातून आत येईस्तोवर त्याचं निदान तयार होतं. "आँख बंद करके बोलतो साब, बेअरिंग गेलं." मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली. आम्ही चक्कर मारून आलो. आवाज होता तिथंच होता. मिस्त्री जराही न डगमगता म्हणाला, "पण आता कसा क्लिअर येतोय, बघा ना!"

आता मुलीच्या फोनबद्दल सांगतो. फोन दर रविवारी यायचा आणि त्यात काहीच नसायचं. "जय भीम पप्पा." "जय भीम. जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "आमचं झालं." एवढं झालं की मी फोन बायकोकडं द्यायचो. मला फोनवर बोलता येत नाही. घर खायला उठतं, तुझ्या खोलीतला पंखा मी उगाच लावून ठेवतो, हे सगळं घशापर्यंत यायचं आणि तोंडातून निघायचं, "थंडी आहे का तिकडं?" त्या रविवारी थंडीऐवजी मी आवाजाचं बोललो, आणि तिचा सूरच बदलला.

"वळताना वाढतो का?"

"नाय."

"पाय काढल्यावर?"

"तेव्हा लई वाढतो."

"मग चाकातलं काही नाही, मागचं डिफरन्शियल आहे. मला ऐकवा."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, इंजिनाचं बळ दोन्ही चाकांना वाटून देणारा, ते डिफरन्शियल. मी म्हटलं, रेकॉर्ड करून पाठवतो. ती म्हणाली, नको, मला चालू गाडीत ऐकायचंय. मग तिच्या सांगण्यावरून डिकीचा गालिचा उचलला, खालच्या पत्र्यावर घडी घातलेल्या टॉवेलवर फोन ठेवला, स्पीकर लावला, आणि मी एकटाच दौलताबाद रस्त्याला लागलो. मागून तिचा आवाज यायचा, "आता दाबा... आता पाय काढा... तसाच राहू द्या." मी आरशात बघायचो. आरशात रिकामी सीट दिसायची, पण कानाला वाटायचं की पोरगी मागं पाय पसरून बसलीय आणि नेहमीसारखी हुकूम सोडतेय. खोटं कशाला सांगू, मी शरणापूर फाट्यावरून परत फिरायचं ते थेट दौलताबादच्या वेशीपर्यंत गेलो.

मग हे रोजचंच झालं. आज गाडी थंड असताना ऐकायचं, उद्या तापल्यावर, परवा चढावर. मिस्त्री म्हणाला, "साब, गाडी सोडून जा ना, मी बघतो." मी म्हटलं, जरा थांब. त्याला काय सांगणार? गाडीचं बोलणं असलं की ती अर्धा अर्धा तास बोलायची. बोलता बोलता तिथल्या साहेबाचं निघायचं, भाकरी जमत नाही तेही निघायचं. गाडीचं संपलं की मात्र मी म्हणायचो, "बरं, ठेवतो."

एके दिवशी तिनं विचारलं, "मागचे दोन्ही टायर सारखेच आहेत ना?"

मी खाकरलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "एकच नवा टाकलाय बाई! खड्ड्यात एक फुटला तर म्हणे दुसरा कशाला बदलायचा!"

टायरवाला तेव्हाच म्हणाला होता, चप्पल एक तुटली तरी जोडच घेता ना साहेब? पण चांगला टायर फेकून द्यायचा, हे आमच्या रक्तात नाही. नवा टायर मोठा, जुना झिजून बारीक. त्यामुळं तो गोळा सरळ रस्त्यावरसुद्धा वळणावर असल्यासारखा राबत होता. मुलगी पलीकडं इतकी हसली की मला त्या चुकीचा आनंदच झाला. मग मिस्त्रीनं त्यातलं तेल काढलं. ते चांदीसारखं चमकत होतं. चांदी कसली, आतल्या दातेरी चाकांचा चुरा होता. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडीच पूरा बदलावं लागंल."

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मग विकूनच टाका ना. तुम्ही दोघंच तर आहात. एवढी मोठी गाडी चालवणार कोण?"

मी फोन बंद केला. तिचा लगेच पुन्हा आला, तो घेतला नाही.

"गाडीचंच तर बोलली ती," बायको म्हणाली. "एवढं काय लावून घ्यायचं?"

"गाडीचं नाय बोलली. तिला यायचंच नाय. स्वतःच्या तोंडानं सांगितलं तिनं."

बायको भाजी निवडत राहिली. तिला ते आधीच ठाऊक होतं की काय, असं मला वाटलं आणि आणखीच राग आला. पुढचा रविवार मी फोन घरी ठेवून मुद्दाम बाहेर काढला.

गाडी मात्र विकली नाही. हट्टानं दिल्लीहून माल मागवला, क्राऊन-पिनियन नवं बसवलं, टायर जोडीनं घेतले. मिस्त्रीनं किल्ली देताना छातीवर हात ठेवून सांगितलं, "अब सुई पडली तरी ऐकू येईल." पडेगावातून बाहेर पडायच्या आधी मी कडेला थांबलो. राग होता, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त जोरात होतं. पोरीचा आवाज ऐकायचा होता, दुसरं काही नाही. निमित्त हातात होतं. नंबर लावला. तिनं उचलल्याबरोबर म्हटलं, "काम झालंय. ऐकून सांग," आणि फोन डिकीत ठेवून दिला.

गाडी निघाली. साठ झाले, सत्तर झाले. पाय काढला. मागून काही नाही. ना तो सूर, ना हुकूम. मितमिटा गेलं, शरणापूर फाटा गेला. ती म्हणेल आता दाबा, म्हणून मी वाट बघत होतो. मग वाटलं, लाईन तुटली असेल, किंवा रागावली असेल, तिनंच तोडली असेल. एवढी देखणी, शांत गाडी चालवताना मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. दौलताबादला सीताफळवालीशी उगाच हुज्जत घातली. "दाबून बघू नका बाबा, घ्यायची तर घ्या," ती म्हणाली. घेतली. परतीच्या वाटेवर जुनी गाणी लावली, दोन ओळी स्वतःही म्हटल्या, वाईट म्हटल्या. गल्लीच्या तोंडाशी शेजाऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि दारात येऊन बायकोला हाक मारली, "अगं, गेट उघड गं!"

मागच्या सीटवरची सीताफळांची पिशवी घेतली आणि फोन काढायला डिकी उघडली. टॉवेलवर फोन होता आणि फोन चालूच होता.

"हॅलो?" मी म्हटलं.

"हं, पप्पा."

"अगं, आवाज कवाच गेलाय!"

"माहितीय. पडेगावच्या पुढंच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही फोन ठेवला असता."

गेट उघडून बायको बाहेर आली होती. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि फोन कानाला लावून तिथंच डिकीत बसलो.