एवान्थियाबाईंचा उपास

एवान्थियाबाईंच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर लग्नातले पेले आहेत, त्यांच्या शेजारी मुरंब्याची एक छोटी बरणी आहे, आणि त्या बरणीत सतरा खडे आहेत. पित्ताचे. सर्जनने हातात ठेवले तसे बाईंनी ते मिरवत घरी आणले. पाहुणा आला की आधी कॉफी, मग बरणी. "हा मोठा बघा. ऑलिव्हच्या बीएवढा आहे की नाही?" आहे म्हटल्याशिवाय सुटका नाही. लेस्बॉस बेटावरच्या आमच्या गावात ती बरणी हातात न धरलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पाद्रीबुवांनीसुद्धा धरली आहे.

आणि खडे बाईंच्या पोटात असल्याचा पत्ता लागला तोही थाटात. गेल्या ईस्टरआधी सात आठवडे कडक उपास केला आणि उपास सुटल्या सुटल्या कोकराच्या आतड्यांचं सूप दोन वाडगे, त्यावर भाजलेलं मटण, त्यावर चीज. मग उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की बाई चक्क गप्प बसल्या. त्या गप्प बसल्यात हे पाहूनच घरचे घाबरले आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

दवाखान्यात दनाई नावाची तरुण डॉक्टरीण, अथेन्सहून बदलून आलेली. तिने बरगडीखाली बोटं रोवली आणि म्हणाली, "मोठा श्वास घ्या." श्वास अर्ध्यातच अडला. "पित्ताशय दिसतंय," ती म्हणाली. बाईंना तेवढ्या कळेतही बोलल्यावाचून राहवेना. "इतकीशी पोर, आणि हिला कातडीतून दिसतं!" पण सोनोग्राफीत दिसलंच. सप्टेंबरात दुर्बिणीने पित्ताची पिशवी काढली. हिवाळाभर बाईंनी उकडलेलं चिकन आणि दुधी-बिधी खाऊन दिवस काढले, सर्जनला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि तब्येत झकास झाली.

मग या वर्षीचा ईस्टरआधीचा मोठा उपास लागला. पाद्रीबुवा म्हणाले, "बाई, आजाऱ्याला उपास माफ असतो." बाईंना राग आला. "आजारी असतील तुमचे शत्रू! माझे खडे बरणीत आहेत." झालं. मांस बंद, दूध बंद, अंडी बंद. आणि दुसऱ्या आठवड्यात पोट बिनसलं. जेवलं की पोट तट्ट फुगायचं, गुरगुरायचं, आणि बाईंना हातातलं काम टाकून पळावं लागायचं. चर्चमधली पहिल्या रांगेतली त्यांची तीस वर्षांची जागा दाराशेजारी आली. गावाने ते पाहिलं आणि गाव हसलं. गावाला दुसरं काय येतं?

हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. बाईंची धाकटी बहीण उरानिया सहा वर्षांपूर्वी गेली. तिचंही असंच सुरू झालं होतं. पोट फुगतंय, पचत नाही, काही नाही गं, वारा धरलाय. सहा महिन्यांत संपली. आता तिच्या मुलीला, पेलागियाला, मुलगी झाली होती. ईस्टरनंतरच्या रविवारी बाप्तिस्मा, बाळाची धर्ममाता एवान्थियाबाई, आणि बाळाचं नाव आजीचं. भर चर्चमध्ये ते नाव पहिल्यांदा उच्चारायचं ते धर्ममातेनेच. बहिणीचं नाव पुन्हा एकदा मोठ्याने घ्यायचं, यासाठी बाई वर्षभर थांबल्या होत्या.

चौथ्या आठवड्यात त्यांनी पेलागियाला बोलावलं आणि म्हणाल्या, "दुसरी कुणीतरी बघ."

"म्हणजे? मावशी, पोरीच्या झग्याचा रंगसुद्धा मला विचारला नाहीस तू, आणि आता दुसरी बघू?"

"माझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांनी नाव घ्यायचं असतं का गं?" पेलागिया म्हणाली खरी, पण मावशीचा चेहरा बघून तिथून तडक दवाखान्यात गेली आणि दनाईला आईच्या दुखण्यासकट सगळं सांगून आली.

दनाईने त्याआधीच बाईंचं रक्त तपासलं होतं, पुन्हा सोनोग्राफीही करून घेतली होती. पित्तनळीत राहिलेला खडा नाही, यकृत ठणठणीत. बाई म्हणाल्या होत्या, "मग तुझं यंत्र आंधळं आहे." काय काय खाता ते आठवडाभर लिहून आणा म्हटलं, तर कागद आला तो असा: सोमवार, उपास. मंगळवार, उपास. बुधवार, उपास. शनिवारी मात्र जास्त तपशील होता: उपास, पण तेल चालतं.

तेव्हा त्या शनिवारी दुपारी दनाई स्वतःच बाईंच्या दारात उभी राहिली.

"ये गं पोरी. पण घरात काही नाही हं, उपासाचंच आहे सगळं," असं म्हणत बाईंनी टेबल मांडलं. माशाच्या अंड्यांची तेलात घोटलेली चटणी, वाडगाभर. तळलेले माकूळ, म्हणजे स्क्विड; त्याला रक्त नसतं म्हणून उपासाला चालतं. तेलात निथळणारे ऑलिव्ह. पावावर बोटभर जाडीचा तिळाचा लगदा. आणि शेवटी तिळाच्या हलव्याची अख्खी वडी, विटेएवढी.

"हा हलवा रोज?" दनाईने विचारलं.

"मग? मांस नाही, दूध नाही, अंगात ताकद कुठून यायची? थोडासाच घेते, पाव किलो. खा ना! तुला आवडला नाही का?"

दनाईने काटा खाली ठेवला आणि ती हसायला लागली. डॉक्टरीण पोट धरून हसतेय आणि आपल्याला कारण कळत नाही, हा अपमान बाईंना सहन होईना. "दात काढायला काय झालं गं?"

"एवान्थियाबाई, दोन कोकरं खाल्ली असतीत ना, तरी इतकं तेल पोटात गेलं नसतं! पिशवी होती तोवर पित्त साठून राहायचं, जेवलं की सुटायचं. आता ते दिवसभर थेंब थेंब आतड्यात गळतंय. त्यावर तुम्ही हे सगळं ओतता. आतडी पळणार नाहीत तर काय करतील?"

"पण हे उपासाचं आहे!" बाई ओरडल्या.

"ते देवाला ठाऊक. आतड्यांना कोण सांगणार?"

बाईंनी हलव्याची वडी बाजूला सारली. मग एकदम आवाज खाली आला. "म्हणजे... उरानियाचं झालं तसं नाही?"

दनाईचं हसू मावळलं. खुर्ची ओढून ती जवळ बसली. "मला तसं काहीच दिसत नाही. वजन भरलंय तुमचं, रक्त चांगलं आहे. थोडं थोडं खा, हलवा बंद, तेल बेताचं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पित्त धरून ठेवणारी पूड देईन, आणि पुढच्या तपासण्याही करू. ताप आला, डोळे पिवळे झाले, पहिल्यासारखी कळ आली, तर मात्र तसंच उठून यायचं. इतके दिवस हे पोटात का ठेवलंत? विचारायचं ना मला!"

बाईंनी हातरुमालही शोधला नाही. एप्रनने तोंड झाकून त्या ढसाढसा रडल्या. रडून झाल्यावर उरलेला हलवा कागदात बांधून दनाईच्या पिशवीत कोंबला. "ने. तुझी पिशवी शाबूत आहे अजून."

दहाव्या दिवशी पोट शांत झालं. चर्चमध्ये बाई पहिल्या रांगेत परतल्या आणि तिथे बसू लागलेल्या शेजारणीला त्यांनी नुसत्या नजरेने उठवलं.

बाप्तिस्म्याच्या रविवारी पाद्रीबुवांनी बाळाचं नाव विचारलं. बाईंनी एकदा पेलागियाकडे पाहिलं. पेलागियाने मावशीच्या पाठीवर हात ठेवला. मग बाई इतक्या जोरात "उरानिया!" म्हणाल्या की बाळ दचकून रडायला लागलं.

पाद्रीबुवांनी त्यांच्या ओंजळीत तेल ओतलं. धर्ममातेने ते बाळाच्या अंगाला डोक्यापासून पायापर्यंत चोळायचं असतं. बाईंचे डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळे नव्हते. तशाच त्या दुसऱ्या रांगेतल्या दनाईकडे वळल्या.

"पोरी, एवढं तेल चालेल ना?"

"चालेल, एवान्थियाबाई," दनाई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "हवं तेवढं."