गच्चीवरचं सरकतं छप्पर

आमच्या ह्यांनी रात्रभर जागायचा छंद लावून घेतला आणि मग तो झोपून करायची सोय केली. खरं सांगते. आधी गच्चीवर दुर्बीण आली, तिला कॅमेरा लागला, आणि पहाटे चारला डोळे चोळत खाली येणारा नवरा माझ्या नशिबी आला. सातला परत कामावर. हे लिफ्टचे मेकॅनिक. पेंगत शाफ्टमध्ये उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून त्यांनी सगळं आपोआप चालेल असं करायला घेतलं.

दोन वर्षं खपले. गच्चीवर पत्र्याची खोली, छातीइतक्या भिंती, वर रुळांवर सरकणारं छप्पर आणि त्याला कुणाच्या तरी जुन्या फाटकाची संथ मोटर. सूर्य मावळला की छप्पर उघडतं, कॉम्प्युटर दुर्बीण वळवतो, कॅमेरा पाच-पाच मिनिटांचे फोटो काढत बसतो. ढग आले की भोंगा वाजवून छप्पर आपलं आपण मिटतं. सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे फोन. "बघ, काय आलंय!" मला एक गुलाबी डाग दिसतो. छान आहे म्हणते. बाथरूमची कडी सहा महिने लोंबकळतेय, ती मात्र अजून हातानेच लावायची.

पण कामात माणूस पक्का. दरवाज्याचा सेन्सर चुकवायला तारेचा तुकडा जोडायचा आणि लिफ्ट तशीच चालवायची, ह्याला त्यांच्यात जंपर मारणं म्हणतात. त्यावरून हे एकदा थेट साहेबांच्या अंगावर धावून गेले होते. आमच्या छपराच्या कडेलाही त्यांनी रबरी पट्टी बसवली. काही आडवं आलं, पट्टी दबली, की मोटर थांबणार. पहिल्याच दिवशी स्वतःचा हात मध्ये घालून दाखवला. मी किंचाळले, हे हसले.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा, म्हणजे माझे सासरे, वर गेले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, अजून रोज मशीनवर बसतात. कानांनी फार कमी ऐकू येतं, पण डोळे मिटून काजं करतील असे हात. दुर्बिणीला काळं कव्हर शिवायचं घेतलं होतं त्यांनी. मीच म्हटलं, छप्पर नुकतंच उघडलंय, थोडा उजेड आहे तोवर माप घेऊन या.

मी पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघरात होते. फोन वाजला. ह्यांचा, कामावरून.

"बाबा वर आहेत ना?"

"हो, माप घ्यायला गेलेत. का हो?"

"ढग आलेत. छप्पर मिटायला लागलंय. मला खोलीतल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यात दिसतायत ते. रुळावर हात टेकून उभे आहेत, पाठ छपराकडे."

"मग भोंगा वाजेल की!"

"त्यांना ऐकू येतो का भोंगा?"

"अहो, पण ती पट्टी आहे ना? थांबवेल ना ती?"

मग म्हणाले, "पट्टी बंद आहे. दव पडलं की उगाच दबल्याचं दाखवायची, छप्पर अर्ध्यात अडकायचं. तीन रात्री फुकट गेल्या. परवा मी जंपर मारला."

"तुम्ही?"

"अगं, मेन स्विच पाड! माझ्या फोनवरून थांबत नाही ते, पावसात अर्धवट राहू नये म्हणून मीच तसं करून ठेवलंय. वर जाऊ नकोस, पोचणार नाहीस. खाली जा, मेन पाड!"

मीटर जिन्याखाली. कशी उतरले, देव जाणे. नडगी फुटली ते नंतर कळलं. मीटरच्या पेटीपुढे रद्दीचे गठ्ठे रचलेले, माझेच. ते पायाने उडवले. खटका इतका घट्ट की दोन्ही हातांनी ओढावा लागला. खाडकन पडला आणि घर अंधारलं.

मग वर. "बाबा! बाबा!" ओरडून उपयोग नाही हे माहीत असूनही ओरडत होते. तीन जिने.

बाबा तसेच उभे होते. एका हातात टेप, दुसरा हात रुळावर सपाट ठेवलेला. छपराची कड त्यांच्या बोटांपासून चार बोटांवर थांबली होती. माझ्या मोबाइलच्या उजेडाने ते वळले.

"सूनबाई, लाईट गेली का? खालून आवाज तरी द्यायचा."

मी त्यांचा हात रुळावरून उचलला आणि तिथेच खाली बसून रडले. ते बिचारे घाबरून माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

हातातला फोन वाजला. ह्यांचं नाव. मेन पाडल्यावर कॅमेरा बंद झाला असणार, शेवटचं त्यांना काय दिसलं असेल हे मला चांगलं कळत होतं. पण इतका राग आला, इतका राग आला की मी फोन पालथा ठेवला. वाजू दे म्हटलं. पुन्हा वाजला. अकरा वेळा वाजला. प्रत्येक वेळी मी बघितलं.

चाळीस मिनिटांनी हे आले. हेल्मेट डोक्यावर, कमरेचा पट्टासुद्धा सोडलेला नव्हता. बाबांचे दोन्ही हात धरले, उलटे केले, सुलटे केले. बाबा म्हणाले, "अरे, काय चाललंय?" ह्यांनी पुन्हा एकेक बोट चाचपलं. वाटेत दोनदा गाडी थांबवून ओकले, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या मदतनिसाकडून कळलं.

रात्री मला विचारलं, "फोन का नाही उचललास गं?" आवाजात राग नव्हता.

"गडबडीत कळलाच नाही," मी म्हटलं.

"हो, बरोबर आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतल्या सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं की मी माझ्या घरी जंपर मारला आणि माझ्या वडिलांचा हात जाणार होता. साहेबांसमोर, पोरांसमोर, काही न लपवता. घरी येऊन मलाही सांगितलं, आता हलकं वाटतंय म्हणून.

मी त्यांना जेवायला वाढलं. अकरा वेळा फोन बघितल्याचं मी अजून सांगितलेलं नाही.