चवथीची भरती

साठ-एकसष्टचा सुमार. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. आमची प्लाटून शिरोड्याच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या माडांत तळ ठोकून होती. मी नाईक, गाव वालावल. घराच्या इतक्या जवळचं पोस्टिंग मला पुन्हा मिळालं नाही. माझ्या सेक्शनमधला शिपाई बाबी तर शिरोड्याचाच, मासेमाराचा मुलगा.

दुपारी दोन ते तीन इंग्रजीचा वर्ग. हवालदार व्हायचं तर परीक्षा पास होणं भाग होतं. लेफ्टनंट साहेब स्वतः शिकवत. एकदा त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: ओपनली, फ्रँकली, अबव्ह बोर्ड. उघडपणे, मोकळेपणाने, काही न लपवता. प्रत्येकाचं वाक्य करायला सांगितलं. माझी तिन्ही बरोबर आली. शाबासकी मिळाली आणि माझी कॉलर ताठ झाली.

त्याच तोऱ्यात मी दुसऱ्या दिवशीच्या कामाची वेळ ठरवून दिली. खाडीपलीकडे आपलीच चौकी होती. तिथवर टेलिफोनची तार न्यायची होती, ओहोटीला पायी.

"नाईक, पानी सबसे कम कब?" साहेबांनी विचारलं.

आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात आणि ती तिथीवरून काढतात, दर तिथीला पाऊण तास पुढे. मी अमावास्येपासूनचे दिवस बोटांवर मोजले, पंचमी धरली आणि ठोकून दिलं, "साडेआठ, सर."

सकाळी आठला फॉल-इन. बाबी हळूच जवळ आला.

"सदा, आज पंचमी नाय, चवथ. द्वितीया दोन दिस होती. सुकती होऊन गेली. पाणी चढूक लागला."

मी पुन्हा मोजलं. त्याचं बरोबर होतं. माझी पाऊण तासाची चूक.

"साहेबाक उघड सांग. नायतर मी सांगतंय."

"गप रे. सगळ्यांदेखत माका तोंडघशी पाडतलंस? पाणी जास्त चढायच्या आदी बेगीन जाऊन येवया."

तो माझं ऐकून लाईनीत गेला. साहेब दहा पावलांवर उभे होते.

जाताना पाणी मांडीला लागलं. नऊ वाजून दहाला तार जोडून झाली. परतताना सगळ्यांनी एक दोरी धरली होती; पाणी छातीला, ओढ जबर. मधोमध घाटावरच्या एका जवानाचा पाय सुटला. त्याला पोहता येत नव्हतं. बाबीने दोरी सोडून त्याला धरलं आणि माझ्याकडे ढकललं. बाबीच्या पाठीवर उरलेल्या तारेचं रीळ बांधलेलं होतं. त्या वजनाने बाबीला खाली नेलं, तो वर आलाच नाही. तेव्हा नऊ चाळीस झाले होते.

चौकशीत साहेब म्हणाले, "ओपनली बोलो, नाईक."

मी म्हणालो, "वेळ मी बाबीला विचारून दिली होती, सर."

शिरोड्याला निरोप घेऊन मीच गेलो. त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं.

"वेळ माझ्या झिलान सांगल्यान?"

"होय, तात्या."

"चवथीची भरती त्याका कळाक नाय?"

मी उठून निघालो. पुढे तात्यांनी मुलाचं नाव चारचौघांत कधी काढलं नाही, असं ऐकलं. मी हवालदार झालो. त्या फितीची मला आजही लाज वाटते. तात्यांकडे जाऊन खरं सांगायचं दर सुट्टीत ठरवायचो. एका सुट्टीत कळलं, ते गेले.

शिपाई बाबी, गाव शिरोडा. भरती त्याला बरोबर कळली होती. चुकलो मी, आणि खोटं बोललो तोही मीच.