भाजीवरची तर्री

बालाघाटच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती माझ्या शेजारी रिपोर्टची वाट बघत बसली होती. लांजीहून नवऱ्यासोबत बसने आलेली. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत नवऱ्याची फाइल, नवऱ्याच्या गोळ्या, नवऱ्याची पाण्याची बाटली. डॉक्टरांनी या खेपेला तिचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. जिना चढून आल्यापासून तिची धाप थांबत नव्हती.

"पाळी गेली ना हिची, या वयात असंच होते," मी न विचारताच नवऱ्याने निदान केलं आणि स्वतःच्या स्टेंटची कथा लावली. पथ्याचा त्याला भारी अभिमान. "दोन वर्षं झाली, तेल बंद म्हणजे बंद!"

"हौ," पदराने मान पुसत ती म्हणाली, "भाजी एकाच गंजात शिजते. ह्यायच्या वाटीतली तर्री मी चमच्यानं काढून घेते. फेकू कशी? माह्या भातावर टाकते."

तेवढ्यात रिपोर्ट आले. त्याचं कोलेस्टेरॉल शाळकरी पोरासारखं गुणी निघालं. तिचा कागद लॅबमधल्या मुलीने दोनदा वाचला.

"काकू, आजच डॉक्टरले दाखवा. पाळी गेल्यावर बायांच्या हृदयाले धोका वाढते. तेल एकदम कमी करा."

नवऱ्याचा चेहरा पडला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, काळजी वाटली.

"मंग माह्या भाजीवरची तर्री कोण खाईन?" त्याने विचारलं.

मी हसणारच होतो. पण तिच्याकडे बघितलं. ती खरोखरच विचारात पडली होती.