समस्त कर्मचाऱ्यांच्या वतीने

आमच्या घरात कोरा कागद सहसा मिळायचा नाही. मिळायचे ते बाबांच्या युनियनचे उरलेले परचे, म्हणजे एका बाजूने छापलेली पत्रकं. त्यांच्या पाठीवर मी पाढे लिहिले, चित्रं काढली, पुढे बीजगणित सोडवलं. गणित अडलं की पान उलटायचं आणि वाचत बसायचं: 'साथियो, अब और चुप रहना अपराध है।' बाबा बँकेत होते. लग्नानंतर दोन वर्षांनी अकोल्याहून उज्जैनला बदली झाली आणि मग ते इथलेच झाले. परचे हिंदीत, घर मराठीत, शाळा इंग्रजीत, असा आमचा कारभार होता. यातली कुठली भाषा पहिली, असं कोणी विचारलं तर मी परच्यांची सांगेन.

परच्याची बांधणी मला पाठ होती. आधी हाक, मग अन्याय, मग मागण्या, आणि सगळ्यात खाली उजवीकडे 'निवेदक: समस्त कर्मचारी'.

"समस्त म्हणजे किती, बाबा?" मी एकदा विचारलं होतं.

"जेवढे मीटिंगला आले तेवढे," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि जे नाही आले तेही."

"मला धरू नका हं त्यात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला मेथी निवडायचीय."

अकरावीत इंग्रजीच्या मॅडमनी भाषणाचं काम दिलं. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं आणि समोरच्याचं मत बदलायचं. "विषय असा घ्या की जो या शाळेच्या फाटकाच्या आत बदलता येईल," त्या म्हणाल्या. "पर्यावरण नको, मोबाइलचे दुष्परिणाम नको. मी दहा वर्षं तेच ऐकतेय. आय ॲम टायर्ड."

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण ताबडतोब म्हणाली, "मैं तो कैंटीन के पोहे पे बोलूँगी. बिना जीरावन का पोहा देते हैं, शरम नहीं आती." जीरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. तिचा विषय ठरला. माझाही ठरला होता, पण मी तिला सांगितला नाही.

आमच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर मुलींच्या बाजूला एक आया होत्या. सगळे त्यांना अम्मा म्हणायचे. पन्नाशीच्या असतील. मुलींना बाथरूमला नेणं, कोणाला चक्कर आली तर खाली पोचवणं, तास चालू असताना व्हरांड्यात कोणी फिरत नाही ना ते बघणं, हे त्यांचं काम. आधी त्यांच्याकडे एक लाकडी स्टूल होतं. आदल्या वर्षी मॅनेजमेंटचे कोणी साहेब फेरीवर आले, त्यांना ड्यूटीवर बसलेले लोक आवडले नाहीत, आणि सगळ्या मजल्यांवरची स्टुलं उचलली गेली. तेव्हापासून अम्मा उभ्या. सकाळी साडेसातपासून दुपारी दोनपर्यंत. एक पाय भिंतीला टेकवायच्या, मग दुसरा. दारातून मला त्यांचे पाय दिसायचे. तिसऱ्या तासानंतर मला फळ्यावरचं काही दिसेनासं व्हायचं, फक्त ते पाय.

एक गोष्ट दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींना माहीत होती. बाथरूमच्या कोपऱ्यात अम्मा एक बादली उलटी घालून ठेवायच्या. तास सुरू झाला, व्हरांडा शांत झाला, की आत जाऊन पाच मिनिटं त्या बादलीवर टेकायच्या. आम्ही कोणी त्याबद्दल बोलत नव्हतो. ठरवून नाही, ते तसंच होतं.

मी भाषणाची सुरुवात त्या बादलीपासून केली.

अम्मांना विचारायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. विचारलं तर त्या नको म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. बाबांच्या परच्यांत घाबरणाऱ्या लोकांसाठी वेगळा परिच्छेद असायचा. त्यांचा हक्क त्यांच्या भीतीपेक्षा मोठा आहे, अशा अर्थाचा. मी तो परिच्छेद इंग्रजीत आणला आणि मला फार बरं वाटलं.

पुढचे आठ दिवस मी एका जागी बसले नाही. माधव नगरमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी येरझाऱ्या घालत बोलायचे. आईने वाळत घातलेल्या भैरवगढच्या छापाच्या चादरी हेच माझे श्रोते. मॅडमनी सांगितलं होतं, आधी चित्र दाखवा, मग तीन कारणं द्या, मग काय करायचं ते सांगा. हे सगळं परच्यासारखंच होतं, फक्त शेवट सुटल्यासारखा वाटत होता. खाली कोणी नाही, असं कसं चालेल? मी शेवटी एक ओळ जोडली: ऑन बिहाफ ऑफ ऑल द सपोर्ट स्टाफ. ती म्हणताना आवाज आपोआप चढायचा. समोरच्या गच्चीवरच्या काकू एकदा म्हणाल्या, "काय गं, भांडण कोणाशी चाललंय?"

वर्गात भाषण झालं. आधी मैत्रिणीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. मॅडमचे डोळे जरा ओले दिसले. त्यांनी विचारलं, "शी नोज अबाउट धिस?" मी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते मी मॅडमवर सोडून दिलं. त्यांनी हो धरलं. सोमवारच्या प्रार्थनेनंतर संपूर्ण शाळेसमोर हेच भाषण करायचं ठरलं.

प्रार्थनेच्या वेळी शाळेतले शिपाई, माळी, आया सगळे मैदानाच्या मागच्या भिंतीशी रांगेत उभे असतात. मंचावरून मला ते स्पष्ट दिसत होते. अम्मा डावीकडून तिसऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण बकेट हा शब्द त्यांना येत होता, तो सगळ्यांनाच येतो. मी तो उच्चारला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या मुली, शंभरेक असतील, एकदम मागे वळल्या. अम्मांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

मी थांबले नाही. शेवटची ओळ मी सगळ्यात मोठ्याने म्हटली. टाळ्या खूप पडल्या.

प्रिन्सिपल सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांनी मंचावरच माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनच्या दारासमोर निळी, नवीकोरी प्लास्टिकची खुर्ची आली आणि अम्मांची ड्यूटी दुसऱ्या मजल्यावरून तिथे लागली. सर मला बोलावून म्हणाले, "देखो बेटा, हमने तुम्हारी बात मान ली." एक अख्खी सकाळ मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

मधल्या सुट्टीत मी मुद्दाम खाली गेले. खुर्ची रिकामी होती. अम्मा तिच्या शेजारी उभ्या होत्या.

"बैठो ना, अम्मा."

त्यांनी सरांच्या दाराच्या काचेकडे नुसती नजर वळवली. "सर के सामने?"

मला तेव्हा कळलं. दार काचेचं होतं. आत सर, बाहेर येणारे-जाणारे पालक. त्या दारासमोर कोणी बसत नाही, आमच्या मॅडमही बसत नाहीत. वर निदान भिंत होती, पाय टेकवायला. इथे तेही नाही. वर पाच मिनिटांची ती जागा होती. मी ती इंग्रजीत सगळ्या शाळेला दाखवून दिली आणि त्याच दिवशी तिथून बादली गेली.

एवढंच नव्हतं. सरांनी सगळ्या स्टाफला एकेक करून विचारलं होतं, तुमच्या वतीने बोलायला या मुलीला कोणी सांगितलं? सगळ्यांनी हात झटकले. आणि सगळ्यांना वाटलं की अम्मांनीच सांगितलं असणार. माळीकाका जाता-येता अम्मांना म्हणायचे, "राम-राम नेताजी, कुर्सी मिल गई?" पहिल्या मजल्यावरच्या आया अम्मांबरोबर डबा खायच्या, त्या आता वेगळ्या बसत होत्या.

मैत्रीण मला म्हणाली, "वा भई वा. मेरे पोहे पे जीरावन नहीं आया, पर किसी की नौकरी तो नहीं हिली."

बाबांची माझ्या भाषणाची गोष्ट बँकेत सगळ्यांना सांगून झाली होती. संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना पुढचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मग दुसरा परचा लिहू?" मी म्हणाले. "आणखी कडक?"

"सगळ्यांना विचारायला वेळ कुठे असतो गं," बाबा म्हणाले, पण ते मला सांगत नव्हते.

"लिहायचं नंतर बघा," आई म्हणाली. "आधी त्या बाईंना जाऊन विचार, तुम्हाला काय हवंय म्हणून. तोंड आहे ना तुला?"

दोन दिवस अम्मा माझ्याशी बोलल्याच नाहीत. मी समोर गेले की त्या फुलदाणी पुसायला लागायच्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फाटकाबाहेर, त्या ऑटोची वाट बघतात तिथे, जाऊन उभी राहिले.

"अम्मा, मुझे माफ़ करो."

"कर दिया. जा."

"आपको क्या चाहिए?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अब पूछ री हे छोरी?" मग रस्त्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मेरे को ऊपर भेज दे वापस. बस. नौ साल से वो मंज़िल मेरी हे."

"और कुर्सी?"

"तेरे को कुर्सी की इत्ती क्या पड़ी हे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तीन कारणं तयार होती. ऑटो आली आणि त्या बसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी हिंदीत अर्ज लिहून नेला. सकाळच्या घंटेआधी आम्ही दोघी जिन्याखाली उभ्या राहिलो. अम्मांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागल्या. त्यांना वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. तेही मी विचारलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी त्यांनी ठेवल्या: नऊ वर्षं काम, मुलींची सवय. तिसऱ्या ओळीशी बोट थांबलं. 'बैठकर सुस्ताना हर काम करने वाले का अधिकार है।' बसून दम खाण्याच्या हक्काची ही ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

"पेन दे."

त्यांनी ती ओळ सरळ रेघ मारून खोडली. मग खाली सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

"मैं भी साथ चलूँ?"

"तू चलेगी तो फिर तेरा भाषण हो जाएगा."

मी जिन्यापाशीच थांबले. घंटा झाली, प्रार्थना झाली, अम्मा अर्ज घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेल्या, पहिला तास सुरू झाला. मी तीन पायऱ्या चढत होते आणि तीन उतरत होते. आतून काही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"क्या बोले?"

"पूछ रे थे, ये उस लड़की ने लिखवाया? मैंने कहा, लिखा उसने हे, बोली मैं हूँ."

"फिर?"

"सोमवार से ऊपर." त्यांनी चष्मा पिशवीत टाकला. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता, फक्त घाई होती.

माझ्याने राहवलं नाही. "अम्मा, वो लाइन सच थी. रहने देतीं तो?"

"सच थी तो तू अपने नाम से लिख," त्या म्हणाल्या. "मेरे सिर पे रख के क्यों लिखती हे? जा, क्लास छूट री हे तेरी."

मी लिहिलं. त्याच आठवड्यात, इंग्रजीत, अर्धं पान. बादली नाही, कोणाचे पाय नाहीत, कोणाचा मजला नाही. सगळ्या मजल्यांवर पूर्वीसारखी स्टुलं परत ठेवावीत, एवढी एकच मागणी. मॅडमनी दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला. खाली माझं एकटीचं नाव आणि वर्ग होता. समस्त कोणी नाही. तेवढी जागा फारच मोकळी दिसत होती. मी ती कितीदा तरी पाहिली आणि तशीच ठेवली.

ऑफिसातल्या बाबूजींनी कागदावर शिक्का मारला आणि तो फाइलीत गेला. पुढच्या शनिवारी मी विचारायला गेले. "सर देखेंगे," ते म्हणाले. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेले. बारावी संपेपर्यंत जात राहिले. शेवटी शेवटी मी दारात दिसले की बाबूजी बोलायचेही नाहीत, लांबूनच नाही म्हणून हात हलवायचे. मी तरी आत जाऊन विचारायचेच.